हळू सुकणारं

बाबांनी हौसेने घरी बनवत आणलेल्या छोट्या रॉकेटच्या नळीवर कार्बन फायबरचं कापड चढवायचं तेवढं राहिलं होतं. दुकानदार तिला म्हणाला, "ताई, चिकटवायला हळू सुकणारं एपॉक्सी घ्या. कापडात छान मुरतं, पण पक्कं व्हायला आठवडा लागतो."

डॉक्टरांनी तर सकाळी बाबांबद्दल चार दिवसांपलीकडचं बोलायचंच टाळलं होतं. बाबांना निदान तयार रॉकेट दाखवता यावं, म्हणून तिने झटपट सुकणारं घेतलं. ते वाटीतच तापून दगड झालं. कापड अर्धं कोरडं राहून नळीला वेडंवाकडं चिकटलं आणि रॉकेट वाया गेलं.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये बाबांनी विचारलं, "कुठलं आणलंस गं?"

"हळू सुकणारं," ती म्हणाली.

 

"शहाणी माझी पोर," बाबा डोळे मिटत म्हणाले, "घाई कशाला? मी घरी आलो की दोघं मिळून उडवू."