गटाबाहेरची सावळी

धरणावरून निरोप आला तेव्हा जेवणाची सुट्टी नुकतीच संपली होती. तासाभरात दरवाजे उघडणार, पूर्णाकाठच्या गावांना ताबडतोब कळवा. निर्मलाबाईनं टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर नदीकाठच्या गावांच्या गटाचे सगळे प्लग भराभर खुपसले आणि हँडल फिरवलं. सगळ्या गावांत एकदम घंटी वाजली. ज्यानं त्यानं फोन उचलायचा, आपल्या गावाचं नाव सांगायचं, मग तिनं सगळ्यांशी मिळून एकदाच बोलायचं, अशी रीत होती.

गावं बोलली. तिनं निरोप दिला. "व्हय, व्हय" करत फोन ठेवले गेले.

"बराबर," मागून खंदारे साहेब म्हणाले. "झालं काम."

झालं नव्हतं. सावळी गावाचं भोक रिकामं होतं.

तपासणीच्या घंटीला जो नंबर बोलत नाही तो गटातून काढायचा, हा साहेबांचाच नियम. एका मुक्या गावापायी बाकीची ताटकळतात. सावळीत फोन एकच, किशनरावांच्या घरी. उन्हाळ्यात ते घंटीला बोलेनात, वर स्वतःच बजावलं, घंटीनं दुपारची झोप मोडते, आमचं गाव काढा. निर्मलाबाईनं काढलं. किशनरावांचं घर टेकाडावर, त्यांना पाण्याची कसली भीती! पण टेकाडाखाली, नदीला अगदी लागून, तांडा होता.

तिनं सावळीला वेगळी घंटी दिली.

"कोन?" किशनरावांचा आवाज झोपेनं जड झाला होता.

"एक्स्चेंजातून बोलून राहिले. पूर्णेला पाणी..."

"आमचं गाव काढलं न्हाई का तुमी? मंग काहून तकलीफ देता?"

फोन आपटला गेला.

तिनं पुन्हा हँडल फिरवलं. पुन्हा. उठून उभी राहिली, हेडफोनची वायर ताणली तशी खाली बसली. घड्याळाकडे बघायचं नाही म्हणता म्हणता बघितलं.

"निर्मलाबाई, हिंगोलीचा ट्रंक कॉल अडलाय," साहेब म्हणाले. "सोडा तो नंबर. तहसीलला कळवू, ते माणूस धाडतील."

"माणूस पोचायच्या आधी पाणी पोचंल, साहेब."

तिचं मनगट भरून आलं. हात बदलून ती फिरवत राहिली.

फोन उचलला गेला. नुसता श्वास ऐकू आला.

"कोन हाय? बोला की!"

"मी मिरा. तांड्यावरची," एक बाई कुजबुजली. "जवारी निवडून राहिले इथं. मालक झोपले. हात लावू नको म्हनले, पर हे गपच बसंना."

"मिराबाई, नीट ऐका. धरणाचं पाणी सुटून राहिलं. तांड्यावर एक मानूस ठेवू नका. सगळे वर या, घरात."

"मालकाच्या घरात?"

"व्हय. मालकाच्या घरात."

पलीकडे फोन कशावर तरी आदळला, पण ठेवला गेला नाही. लांबून मिराबाईची आरोळी आली, तांड्याच्या बोलीत. निर्मलाबाईला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"काढा आता तो प्लग," साहेब म्हणाले.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरला. कितीतरी वेळ त्यात रिकाम्या तारेची घरघर तेवढी होती. मग पावलं. भांड्यांचा खणखणाट. रडणारी लेकरं. आणि या सगळ्यावर किशनरावांचा चढलेला आवाज, "कोनी घेतलं रे या लोकायले आत? माझ्या घरात..."

तो मध्येच थांबला. दार करकरलं. किशनराव पुन्हा बोलले तेव्हा आवाज ओळखू येईना.

"अगं माय... किती हे पानी! घ्या, आत घ्या समद्यायले. ते म्हातारं राहिलं मागं, धरा त्याले!"

साहेब आता अगदी जवळ येऊन उभे होते.

"काय ऐकू येतंय?"

निर्मलाबाईनं हेडफोनवरचे हात काढले नाहीत.

"तांड्याच्या शेळ्या," ती म्हणाली. "माजघरात शिरून राहिल्या."