शोभाबाईचा विरोध

सुरतेजवळ, पलसाण्यापलीकडे उसाच्या शेतांना लागून खडीची खाण निघणार होती. तिची सुनावणी शाळेच्या पटांगणात चालू होती. खाणवाला घरोघरी गोड बोलून गेला होता, त्यामुळे जमीनवाले माना खाली घालून बसले होते. भूपेंद्रभाईंच्या शेतात निंदणीला जाणारी शोभाबाई मागून उठली.

“माझा विरोध लिहा, साहेब.”

“मावशी, तुमची जमीन कुठली?”

“इथं माझी जमीन नाही.”

हशा पिकला. “बेसी जा, शोभाबेन,” भूपेंद्रभाई हळूच म्हणाले. ती बसली नाही.

“मग तुमचं काय नुकसान होणार?” साहेबांनी विचारलं.

“माझं होऊन गेलं, साहेब. धुळ्याकडे आमचं वावर होतं. शेजारी अशीच खाण निघाली. आधी कपाशीवर धूळ बसली, मग विहीर आटली, तेव्हा आम्ही सुरतेची गाडी धरली.” ती भूपेंद्रभाईंकडे वळली. “तुम्ही कुठली गाडी धरणार, भाई?”

भूपेंद्रभाई उठले आणि म्हणाले, “साहेब, शोभाबेनच्या खाली माझं नाव लिहा.”