पडद्यामागची खाट

सुया टोचून वीस मिनिटं झाली आणि अच्युतरावांना नेहमीसारखं हलकं वाटू लागलं. पक्षाघातानंतर नुसते दात घासले तरी त्यांच्या अंगातलं त्राण जायचं. या सुया तो थकवा तारेतून पडद्यामागच्या माणसात सोडत. तो माणूस या उपचार-संस्थेचा पगारी असतो, चांगला धडधाकट, असं मुलाने सांगितलं होतं.

आज पडद्यामागून ओळखीचा खोकला ऐकू आला. त्यांनी पडदा सारला. खाटेवर त्यांची सून मृदुला पडली होती. तोंडातून लाळ गळत होती, गालावरची माशी हाकलायलाही हात उठत नव्हता.

“तू? कधीपासून?”

“दिवाळीपासून. हे म्हणाले, परका कशाला, घरचंच माणूस बरं. पडा बाबा, पाचच मिनिटं राहिलीत.”

हे ऐकतानाही त्यांच्या पायांत तरतरी चढतच होती, वर कडकडून भूक लागली होती. स्वतःच्याच अंगाची त्यांना किळस आली.

“ताई, हे उलटं फिरतं?” त्यांनी यंत्राजवळच्या मुलीला विचारलं.

“फिरतं. पण आजोबा, दिवाळीपासूनचं सगळं एकदम अंगावर येईल. पुन्हा उठणं व्हायचं नाही.”

“मग माझ्या मुलाला बोलवा, मला उचलून न्यायला,” अच्युतराव म्हणाले, “आणि फिरवा.”