काठ्या न धरणारे मास्तर

"पण मास्तरांच्या हातात ड्रमच्या काठ्या कुणी बघितल्यात का?" बड्याने विचारलं आणि शाळेच्या सरावखोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

मास्तरांना जाऊन महिना झाला होता. त्यांच्या ड्रम पथकातली जुनी मुलं आठवणी काढायला जमली होती. मुलं कसली, कुणाला टक्कल पडलं होतं, कुणी मुलीसाठी स्थळं बघत होतं. बडा म्हणजे मोठा ड्रम पोटावर बांधून चालणारा. आता तो बस चालवत होता, आणि पोट ड्रमशिवायही तेवढंच होतं.

सगळ्यांनी आठवून पाहिलं. मास्तर तोंडाने बोल म्हणायचे. मांडीवर ठेका धरायचे. पाठ फिरवून उभे असले तरी कुणाची काठी चुकली ते अचूक सांगायचे. उन्हात संचलन असलं की दमलेल्या पोराचा ड्रम स्वतःच्या खांद्यावर घ्यायचे. पण वाजवताना त्यांना कुणीच पाहिलं नव्हतं.

"तरुणपणी हात मोडला असेल."

"अरे, कसली तरी शपथ असणार. मानी माणूस!"

चिमणी कोपऱ्यातल्या बाकावर बसून ऐकत होती. ती आता गुरांची डॉक्टर होती. बैलाच्या लाथेला न भिणारी, पण आज या खोलीच्या दारातून दोनदा मागे फिरली होती. मास्तर पथकावर आले तेव्हा ती पाचवीत होती. पहिल्या दिवसापासून ते तिच्याच मागे लागले. प्रत्येक नवा तुकडा तिने एकटीने उभं राहून वाजवायचा. "पुन्हा. सावकाश." तीनतीनदा, चारचारदा. बाकीच्यांना कधी नाही. चार वर्षं तिने कळ काढली. मग एक दिवस काठ्या टेबलावर आपटल्या आणि निघून गेली. पुन्हा तोंड दाखवलं नाही. मास्तर आजारी आहेत असं कळलं, तेव्हाही भेटायला जायला तिचं पाऊल उचललं नव्हतं.

पण आता तिलाही राहवेना. काकू चहा घेऊन आल्या तशी ती म्हणाली, "काकू, मास्तर काठ्या का हो धरत नव्हते?"

या काकू मास्तरांच्या पत्नी. मुलांनी त्यांना आजच पहिल्यांदा पाहिलं होतं. त्या खुदकन हसल्या.

"काठ्या? अगं, त्यांना वाजवता येत कुठे होतं!"

बड्याच्या कपातला चहा हिंदकळला.

"ते ड्रम दुरुस्त करणारे. इथे फाटलेलं कातडं बदलायला आले होते. तुमचे आधीचे सर नोकरी सोडून गेलेले, स्पर्धा आठ दिवसांवर. मोठ्या बाईंनी विचारलं, शिकवाल का? बावीस पोरं टकामका बघत होती म्हणे. यांच्या तोंडून 'हो' निघून गेलं."

"मग शिकवलं कसं?" चिमणीने विचारलं.

"कान तयार होता, बाकी सगळा आनंद. पण पथकात एक छोटी मुलगी होती, तिला सगळं यायचं, नवं काही एकदा ऐकलं की वाजवायची. हे तिला वाजवायला लावायचे. समजलं नाही की पुन्हा, सावकाश. घरी येऊन उशीवर बोटं आपटत बसायचे. मी जेवायला हाक मारली की म्हणायचे, थांब, बाईंनी आज अवघड दिलंय."

"बाई?"

"हो, घरात तिला बाईच म्हणत. तिचं खरं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पुढे ती सोडून गेली. तोवर हे छान वाजवायला लागले होते, घरात मी ऐकलंय ना! पण चारचौघांत काठ्या हातात घेतल्या नाहीत. म्हणायचे, आधी बाईंसमोर वाजवीन. त्यांनी पास केलं, तर मग सगळ्यांसमोर."

खोलीतल्या सगळ्या माना हळूहळू कोपऱ्यातल्या बाकाकडे वळल्या. काकूंच्या ते लक्षातही आलं नाही. त्या रिकामे कप गोळा करत होत्या.

"कुठे असते कोण जाणे," त्या चिमणीच्या हातातला कप घेत म्हणाल्या. "तुमच्यापैकी कुणीतरी तिला कळवा रे. तिचा विद्यार्थी गेला."