साल्वादोरचं रेकॉर्ड

साल्वादोर तरुणपणी खारेपाटणला खून करून जेलात जाऊन आलाय, असं गाव धरून चालायचं. प्रत्यक्षात नाताळची कोंबडीसुद्धा त्याची बायको डोरथी कापायची, पण त्याने अफवा कधी खोडली नाही. तो वारल्यावर शेजारच्या बाबलीने हद्दीवरचा चिऱ्यांचा गडगा डोरथीच्या बागेत हातभर सरकवला. “तेचे जेलातले दोस्त अजून माझी विचारपूस करतत,” डोरथी सहज म्हणाली. “रेकॉर्डच बघून येतंय,” म्हणत बाबली जिल्ह्याच्या कोर्टात, ओरोसला गेला. डोरथी दिवसभर ओटीवर बसून राहिली. नवऱ्याने मागे ठेवलेलं कुंपण म्हणजे ती अफवाच. संध्याकाळी बाबली पडेल चेहऱ्याने परतला. “कोर्टात नाय, पोलिसात नाय. खंयच नाव नाय.” डोरथी ओटीवरून उठली. “सगळा रेकॉर्ड गायब केल्यान. केवढो माणूस होतो, बाय,” म्हणत त्याने चिरे मागे सरकवले. डोरथीने नवऱ्याचा गंजलेला कोयता घासून ओटीवर टांगला.