शिवणीत दाबलेलं कापड

भाऊजी दुकानात शिरले तेच पँटच्या कमरेत अंगठा खुपसून.

"बघा मेहुणे, चक्क मावतोय. महिनाभर सकाळी चाललो, पालापाचोळा खाऊन जगलो. डॉक्टर म्हणाले होते, कंबर उतरली की हृदयावरचा भार उतरेल. उतरला. सुटलो एकदाचा."

दुसऱ्या हातात तळलेल्या बटाट्याच्या कापांची पुडी होती. स्वतःच स्वतःला दिलेलं बक्षीस.

मशीनवरचे शिंप्याचे पाय थांबले. ही पँट गेल्या आठवड्यात नुसती चेन बदलायला आली होती. पण हात सवयीने मागच्या शिवणीकडे गेला होता. बहिणीच्या नवऱ्याला 'अंग सुटलंय' असं तोंडावर कोण सांगणार? त्यापेक्षा शिवताना आत जास्तीचं कापड दाबून ठेवायचं आणि पँट कशासाठीही येवो, गुपचूप थोडी सैल करून द्यायची. भाऊजी खूश, बहीण खूश, नातं शाबूत. जिना चढताना छातीत कळ आली, तेव्हाही भाऊजींनी डॉक्टरांना छाती ठोकून सांगितलं होतं, "वजन वाढलेलं नाही हो. जुन्या पँटी अजून होतात मला."

"उद्या चालायला जाणार ना, भाऊजी?"

"आता कशाला? तुमच्या बहिणीलाही सांगितलं, उद्यापासून नेहमीचा स्वयंपाक. माझ्यापायी तीही बिचारी उकडलेलं गिळत होती."

"पँट काढा."

"सख्ख्या मेहुण्याने ही वेळ आणावी?" भाऊजी हसत पडद्यामागे गेले आणि टॉवेल गुंडाळून आले.

शिंप्याने पँट उलटी करून त्यांच्यापुढे धरली. मागच्या शिवणीलगत जुन्या टाक्यांच्या भोकांच्या रांगा होत्या, एकीपुढे एक. शेवटी, पार काठाशी, नवाकोरा दोरा.

"कंबर नाही उतरली, भाऊजी. पँट मी सैल सोडली. गेल्या आठवड्यात."

भाऊजींनी भोकांवरून बोट फिरवलं. सावकाश, एकेका रांगेवरून.

"आणि या?"

"त्याही मीच."

"सांगायचं नाही का कधी?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

भाऊजी स्टुलावर टेकले. पुडी कात्रीशेजारी ठेवली. त्यांचं बोट नव्या दोऱ्यावर येऊन थांबलं.

"अजून किती सोडता येईल?"

शिंप्याने काठावर नख टेकवलं.

"कापड संपलंय, भाऊजी."