तीन मुंदळ
बाळ नुकतंच निजलं होतं, तेवढ्यात सातवीतल्या लेकीने पेन्सिल टक्कन टेबलावर ठेवली. "झाला सोडवून तू दिलेला उतारा! प्रश्नातले शब्द शोधायचे, तीच ओळ उतरवायची. वाचत कोण बसतंय? सरांनीच शिकवलंय." मी तपासायला घेतलं. 'टिंबोरीत किती मुंदळ झिरफटत होते?' खाली सुबक अक्षरात उत्तर होतं, 'टिंबोरीत तीन मुंदळ झिरफटत होते.' "पाचपैकी पाच," मी म्हटलं. "आता सांग, मुंदळ म्हणजे काय?" ती उताऱ्यात शोधत राहिली. "नाही सापडायचं, राणी. ते शब्द मीच मनाने बनवलेत." तिचे कान लाल झाले. रडेलसं वाटलं, पण तिने कागदाची घडी दप्तरात कोंबली. "उद्या सरांनाच विचारते, मुंदळ म्हणजे काय." "विचार. बाळाला घेऊन मीही येते." प्रगतिपुस्तक उघडून 'आकलन: उत्कृष्ट'वर बोट ठेवत तिने विचारलं, "आई, मग हा शेरा कशाचा?"